खाटेचा कायदा

भाडेकरूंनी आपल्याशी भांडावं म्हणून जिवाचं रान करणारा घरमालक अख्ख्या आखातात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आता घरमालक म्हणजे तरी काय, बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरचा दोन खोल्या आणि एक हॉल असा फ्लॅट त्यांनी एका अरबाकडून भाड्याने घेतला होता आणि त्यातल्या चार खाटा आम्हा चौघांना दिल्या होत्या. स्वतः हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बहरीनला नोकरीसाठी आलेला एकटा माणूस तेव्हा असाच कुणाच्या तरी खाटेवर पडलेला असायचा आणि खाट देणाऱ्याला ‘मालक’ म्हणायचा. आमचे मालक अलिबागकडचे, एका जहाज कंपनीत स्टोअरकीपर. पोट गोल, आवाज खणखणीत, आणि चेहऱ्यावर कायम ‘काही तक्रार आहे का?’ असा आशाळभूत भाव.

मी पुण्याहून पहिल्यांदा गेलो तो ऑगस्टमध्ये. जिना चढून दारात उभा राहिलो तेव्हा दोन्ही हातांत बॅगा आणि शर्ट पिळून काढण्यासारखा झालेला. मालकांनी दार उघडलं आणि हात वर केला. “थांब! बॅगा खाली ठेवू नकोस. बॅग टेकली की तू भाडेकरू झालास. आणि त्याआधी भाडेकरूचे हक्क तुला माहीत पाहिजेत. ते सांगणं मालकाचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे.” मग उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी सुरुवात केली. एसी बिघडला तर दुरुस्त करून देणं माझ्यावर. तुझ्या खाटेवर तुला विचारल्याशिवाय कुणी बसणार नाही, मीसुद्धा. आणि महिनाभर आधी सूचना दिल्याशिवाय तुला इथून कुणी हलवू शकत नाही, प्रत्यक्ष मीही नाही. हे ‘मीही नाही’ ते असं छातीवर हात मारून म्हणाले, की जणू समोर त्यांचाच कुणी दुष्ट जुळा भाऊ उभा होता. “बोल, काही शंका?” मी म्हटलं, “पाणी मिळेल का?” “तो हक्क नाही, ती माणुसकी. ये आत.”

पण तोंडी माहिती त्यांना कमअस्सल वाटायची. माहिती सरकारी हवी. म्हणून प्रत्येक नव्या भाडेकरूला ते बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, घेऊन जायचे. तिथला घरभाड्याच्या खिडकीतला कारकून तरुणपणी मुंबईत राहून आलेला होता, हिंदी फर्डं बोलायचा, आणि मालक दिसले की डोक्याला हात लावायचा. मला पुढे ढकलून मालक म्हणाले, “साहब, इसको इसका हक बताओ.” तो म्हणाला, “सदीक, कितनी बार बोला, घर का कानून है, खाट का कानून मफी!” सदीक म्हणजे दोस्त, मफी म्हणजे नाही. मालक जराही डगमगले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “ऐकलंस ना? सरकारकडे खाटेचा कायदा नाही. म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त.” त्याच कारकुनाने एकदा पिच्छा सोडवायला त्यांना एक अरबी छापील कागद दिला होता. तो फ्रेम करून त्यांनी बाथरूमच्या दारावर टांगला, कारण सकाळी प्रत्येकाला तिथे थांबावंच लागतं. आम्हा कुणालाच अरबी येत नव्हतं. पुढे खरा मालक, तो अरब, एकदा भाडं न्यायला आला तेव्हा त्याने तो वाचला आणि पोट धरधरून हसला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डास होऊ नयेत म्हणून काय करावं, याची ती सूचना होती. मालकांनी फ्रेम काढली नाही. “टाकी स्वच्छ असणं हाही भाडेकरूचा हक्कच आहे,” म्हणाले, आणि त्याच दुपारी लुंगी खोचून टाकी घासायला वर गेले.

त्यांची खरी पंचाईत ही होती की ते आमचे मालक आणि त्या अरबाचे भाडेकरू. दोन्ही बाजू एकाच पोटात. त्यात आम्ही पडलो पुळचट. माझ्या खोलीतला दुसरा खाटवाला वसईचा डॉमनिक, एका हॉटेलात कुक. स्वभावाने इतका गरीब की एसीतून पाणी गळायला लागलं तर त्याने उशी दुसऱ्या बाजूला घेतली आणि गप्प झोपला. मालकांना कळलं तेव्हा ते कळवळले. “अरे, तक्रार कर की! मी काय वाघ आहे?” शेवटी डॉमनिकच्या वतीने त्यांनीच स्वतःकडे तक्रार केली, स्वतःला चांगलं फैलावर घेतलं, आणि स्वतःच पाना घेऊन स्टुलावर चढले. दुसऱ्या खोलीत हॉस्पिटलच्या शिफ्टमधले दोघे होते, ते मला जागे असे क्वचितच दिसले. पण हक्क त्यांनाही पाठ होते.

आणि मग एक दिवस मालकांना फॅमिली व्हिसा मिळाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि वहिनींच्या वाट्याला नवरा आला होता तो दोन वर्षांतून एकदा, रजेपुरता. त्या संध्याकाळी मालकांनी इस्त्रीची पँट घातली, मला आणि डॉमनिकला हॉलमध्ये बसवलं आणि घसा खाकरला. “मी तुम्हां दोघांना आजपासून एक महिन्याची सूचना देत आहे.” आम्ही गार! मग हळू आवाजात शिकवल्यासारखं म्हणाले, “आता विचारा, कारण काय.” आम्ही विचारलं. “बायको येतेय,” ते म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस नव्या नवऱ्यासारखा लाजला. डॉमनिकने त्यांना उचलायचंच बाकी ठेवलं.

इथवर सगळं छान. पण दोनच दिवसांनी तार आली. वहिनींच्या भावाने हौसेने तिकीट काढून टाकलं होतं, येत्या शुक्रवारचं! आमची खोली आतली, बंद दाराची. ती रिकामी करणं आम्हाला काहीच अवघड नव्हतं. डॉमनिक म्हणाला, “मालक, मी उद्याच हॉटेलच्या स्टाफ रूमवर जातो. हा माहूजला मित्राकडे जाईल.” मालक असे भडकले की मी दोन पावलं मागे सरलो. “उद्या? उद्या कसे जाल? महिना म्हटलंय ना!” मी म्हटलं, “अहो, आम्ही आपखुशीने जातोय.” “आपखुशी! मीही गेलो होतो आपखुशीने.” ते खाली बसले, आणि आवाज एकदम उतरला. “नवीन आलो होतो इथे. मालक आपल्याच गावचा. ड्युटीवरून आलो तर माझी ट्रंक जिन्यात. म्हणाला, फॅमिली आली रे, समजून घे. मी समजून घेतलं. बाब अल बहरीनसमोर ट्रंकेवर बसून समजून घेतलं. सगळे समजूनच घेतात रे, कारण नाही म्हणता येतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरातून असं कुणी जाणार नाही. आणि आता माझीच बायको येते म्हटल्यावर फिरू?” डॉमनिक नुसता नाक ओढत राहिला.

वहिनी आल्या. बारीक चणीच्या, हातात पापडांचा डबा, नऊ वर्षांची वाट डोळ्यांत. दारात मालकांनी घसा खाकरला तेव्हाच आम्हाला धडकी भरली. “या घरात चार भाडेकरू आहेत. त्यातल्या दोघांना अजून महिनाभर राहायचा हक्क आहे. तुला हे माहीत असावं.” वहिनींनी आमच्याकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं, आणि शांतपणे विचारलं, “आणि मला कसला हक्क आहे?” मालकांनी त्यांच्या हातातला पापडांचा डबा घेतला. म्हणाले, “विचारून सांगतो.” आणि खरंच शनिवारी सकाळी बलदियात हजर! मी सोबत होतो. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाला, “बीवी का हक इस ऑफिस में मफी. घर जाओ, बीवी को पूछो. यल्ला, चलो!”

तो महिना हॉलमध्ये विजेच्या वायरवर चादर टांगून त्याआड त्यांचा संसार झाला. आम्ही अपराध्यासारखे संध्याकाळी समुद्रावर निघून जायचो, तर मालक शोधत यायचे. “हक्काचं घर सोडून रस्त्यावर काय फिरता?” एकदा वहिनीही मागून आल्या आणि म्हणाल्या, “अहो, जाऊ द्या की त्यांना थोडा वेळ!” मालकांना कळायला मिनिटभर लागलं, आणि मग कान लाल झाले. महिना पुरा झाला तेव्हा माझ्या बॅगा त्यांनीच खाली आणल्या, माहूजपर्यंत आले, नव्या घरमालकाची खोदून खोदून चौकशी केली आणि जाताना माझा खांदा दाबला.

आता मालक नाहीत. गेल्या वर्षी अलिबागला वहिनींना भेटायला गेलो होतो. केस पांढरे झालेत, चण तशीच. धीर करून विचारलं, “वहिनी, त्या महिन्याचा राग आला होता का हो?” “राग? पहिले आठ दिवस मी त्यांच्याशी बोलत नव्हते. इतक्या वर्षांनी आले, आणि यांना बायकोपेक्षा भाडेकरू प्यारे!” मग हातातली शेंग सोलता सोलता थांबल्या. “पण असं बघ, नऊ वर्षं मी कधी सासरी, कधी भावाकडे. कोण कधी ‘आता पुरे’ म्हणेल, नेम नव्हता. त्या चादरीआड पडल्यापडल्या एकदा मनात आलं, जो माणूस परक्या पोरांना ‘निघा’ म्हणू शकत नाही, तो मला जन्मात म्हणायचा नाही. त्या दिवसापासून मी निर्धास्त झाले बघ.”

मी विचारलं, “हे मालकांना कधी सांगितलंत?”

वहिनींनी शेंगांची टरफलं गोळा केली, पदराने डोळे पुसले.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “सांगायचं राहूनच गेलं.”