हात धुऊन येतो

आमच्या मामाजींइतका हात धुणारा माणूस अमरावती जिल्ह्यात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. बाकीचं जग हात धुऊन जेवायला बसतं. मामाजी जेवायला बसून हात धुवायला उठतात. लग्नाच्या पंगतीत वरणाची बादली दोन पानांवर येऊन ठेपली की ते "हात धुऊन येतो" म्हणून उठलेच. मग मोरी शोधायची, दार लावून घ्यायचं, आणि तीन-चार मिनिटांनी रुमालाला हात पुसत अगदी निर्विकार चेहऱ्याने बाहेर यायचं. राजापेठेत त्यांचं विहिरीवरच्या मोटारपंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसाला ही सवय शोभूनही दिसते. पण इतकं धुऊनही त्यांच्या नखांतलं ग्रीस कधी गेलं नाही, आणि त्याचं आम्हां कोणाला नवलही वाटलं नाही. मोरीत मामाजी हात धूत नाहीत, पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतात, हे आमच्या साऱ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. आपलं हे गुपित सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच काय ते मामाजींना ठाऊक नव्हतं.

हे गुपित त्यांनी तीस-बत्तीस वर्षं जिवापाड सांभाळलं. फ्रिजमध्ये इन्सुलिनचा एक डबा असे आणि त्यावर मामाजींच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असे, 'गाईचं औषध'. घरात गाय नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गाय कुठे बांधणार? लहानपणी मी एकदा विचारलं, "मामाजी, गाय कुठं आहे?" तर ते म्हणाले, "चराले गेली." ती गाय माझी दहावी झाली, पदवी झाली, मी शिकवणी वर्गात गणित शिकवायला लागलो, तरी चरतच होती. एकदा वलगावचा एक शेतकरी मोटार दुरुस्त करून न्यायला आला होता, पाणी प्यायला म्हणून वर घरी आला आणि त्याने तो डबा पाहिला. "भाऊ, माही गाय बी चारा खात नाई, दोन थेंब देता का?" असं तो काकुळतीने म्हणू लागला. त्याला वाटेला लावताना मामाजींनी जनावरांच्या रोगांवर असं काही व्याख्यान दिलं, की पुढे वर्षभर तो माणूस मोटारीऐवजी बैल घेऊन दुकानात येत असे. मामींना मात्र त्यांनी लग्नानंतर चौथ्या महिन्यात सांगून टाकलं होतं, "डॉक्टरनं आजच सांगतलं, शुगर हाय म्हून." मामींनी ते ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून गुळाचा खडा पदराच्या गाठीत बांधायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी प्रकरण हाताबाहेर जायला लागलं. भर दुपारी दुकानात शुगर उतरली आणि मामाजी एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून, "तुमची कॉइल जळेल हाय, उद्या या," असं त्यालाच मोटार समजून सांगू लागले. गिऱ्हाईक हसलं. मामाजीही हसले आणि हसत हसत फरशीवर आडवे झाले. मामी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या म्हणून गाठीतला गूळ वेळेवर तोंडात गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पूर्वी शुगर उतरली की तुम्हाला घाम यायचा, हात थरथरायचे. आता शरीर इशारा देत नाही. पुढच्या वेळी शेजारी कोणी नसलं तर तुम्ही उठणार नाही. सुया सोडा, इन्सुलिनचा पंप लावा. कमरेला डबी, पोटावर बारीक नळी, आणि दंडावर सेन्सर. शुगर उतरायला लागली की तो आधीच ओरडेल."

"ओरडन?" मामाजींनी विचारलं. "चार लोकांत?"

तिथेच पंप त्यांच्या मनातून उतरला. अर्थात खरं कारण सांगतील तर ते मामाजी कसले! मी आग्रह केला की ते धंद्यावर येत. "मले पंपाची जात मालूम हाय. ऐन गरजेच्या दिवशी जळते थो." कधी म्हणत, उन्हाळ्यात पंप तापेल. कधी म्हणत, लाइट गेली की काय करायचं. मी बॅटरीचं सांगितलं, तर म्हणाले, "बॅटरीवाल्यावर तं माहा बिलकूलच भरोसा नाई." या घोळात आठ महिने गेले. मामी काही बोलत नसत, पण त्यांनी माहेरी जाणं सोडलं, शेजारच्या बायांबरोबर देवीला जाणं सोडलं, आणि दुकानाच्या दाराशी स्टूल टाकून गहू निवडत बसू लागल्या. बारा महिने गहू निवडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. शेवटी एक दिवस मामाजीच म्हणाले, "पायल्याबिगर मी मोटार घेत नाई, तं हे कसं घेऊ? कोनाले लावेल असन तं दाखवा."

डॉक्टरांनी अकोल्याच्या एका तरुण शिक्षिकेला विचारून तिचा पत्ता दिला, आणि एका रविवारी आम्ही पंप पाहायला निघालो. मामाजी, मामी आणि गाडी चालवायला मी, असे तिघे झालो. तीन तिगाडा, काम बिगाडा! म्हणून मामींनी चौथी एक सुपारी माझ्या खिशात घातली. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून संत्र्यांची पिशवी घेतली. घरात मुलगी आहे म्हणून नारळ आणि ब्लाउजपीस घेतलं. मामाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मलाही घालायला लावला. आता असा थाट करून चार जण, म्हणजे सुपारी धरून, दारात उभे राहिल्यावर त्या मुलीच्या आजीने काय समजावं? नातीने तिला एवढंच सांगितलं होतं, की अमरावतीचे पाहुणे पाहायला येणार आहेत. म्हातारीने डोक्यावर पदर घेतला, आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि माझ्याकडे निरखून पाहत विचारलं, "शेती किती हाय पोराले?" मी गडबडून मामींकडे पाहिलं. मामी तेवढ्यात बाहेर आलेल्या मुलीला कुंकू लावण्यात गुंतल्या होत्या. आणि मामाजी, पंपाखेरीज डोक्यात दुसरं काहीच नसलेले मामाजी, आजीला विचारत होते, "कोरडा चालला तं जळत तं नाई ना?"

आजीचा चेहरा पाहून मुलीच्या सगळा घोटाळा ध्यानात आला आणि ती खळखळून हसली. "आजी, हे मले नाई, माह्या पंपाले पायाले आले!" तिने कुर्त्याच्या कमरपट्ट्याला अडकवलेली मोबाइलपेक्षा लहान डबी नळीपासून सोडवून सरळ मामाजींच्या हातात ठेवली. मामाजींनी ती कानाला लावली, उलटी केली, वासही घेतला. पोहे आले तशी मुलीने डबी परत घेऊन नळीला जोडली. सवयीने ते उठू लागले, "हात धुऊन..." आणि समोर ती पोरगी डबीवरची दोन बटणं सगळ्यांदेखत दाबून, इन्सुलिन घेऊन पोहे खायला लागलेली दिसली.

"चार लोकांत... लाज नाई वाटत?" मामाजींनी अगदी हळू विचारलं.

"पयले वाटे. आता मले पायाले कोनी आलं तं पोह्याच्या आधीच दाखवते मी. ज्याले उठून जायचं त्यानं जावं, पोहे तं वाचतात. दोघं गेले उठून."

"अन् ज्यानं सांगतलंच नाई त्याचं?" मामाजींनी विचारलं.

"थो सांगाची हिंमत होतवरी एकटाच रायते," ती म्हणाली. पोहे मात्र मामाजींनी मोरीत जाऊन आल्यावरच खाल्ले.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. बाकड्यावर बसल्यावर मामाजी बशीत चहा ओतून तसेच बघत राहिले. मग एकदम मामींना म्हणाले, "मी तुले फसवलं. चौथ्या महिन्यातलं नव्हतं थे. लग्नाच्या आधीपासूनच टोचून राहिलो होतो मी. बाप म्हने, सुईचं नाव काढशीन तं पोरगी कोनी देनार नाई."

मामींनी आपल्या बशीवर फुंकर मारली. "मालूम हाय."

"कवापासून?"

"तुमी बाळापूरले मले पायाले आलते तवापासून. पोहे आले अन् तुमी हात धुवाले उठले. मोरीतली बादली तं मांगं आडावर होती. पान्याबिगर मानूस हात कसे धुते, म्हून मी दाराच्या फटीतून पायलं, तं हातात सुई. बाहेर येऊन तुमी कोरडे हात रुमालाले पुसून राहिले होते. म्हनलं, ज्याले खोटं बोलताच येत नाई, थो नवरा बरा."

"मंग इतके वर्स बोलली काहून नाई?"

"तुमी सांगान म्हून वाट पायली," मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण बशी त्यांनी जरा वेळ ओठांशीच धरून ठेवली. मामाजींना काय वाटलं मला माहीत नाही. मी मात्र उगाच गाडीचं चाक पाहायला गेलो.

पुढच्याच महिन्यात मामाजींच्या कमरेला पंप लागला. पहिल्याच लग्नात, भर पंगतीत सेन्सर ओरडला आणि सगळे वळून पाहू लागले, तेव्हा ते छाती काढून म्हणाले, "माहा हाय. शुगर उतरून राहिली म्हनते." साखरेची वाटी पुढे करणाऱ्या दहा जणांतल्या एकालाही आश्चर्य वाटलेलं नाही हे पाहून मात्र ते दोन दिवस खट्टू होते. मामी लगेच पंधरा दिवस माहेरी बाळापूरला राहून आल्या. फ्रिजमधल्या डब्यावरची चिठ्ठी अजून तशीच आहे. मी काढायला गेलो, तर मामाजी म्हणाले, "राहू दे, गाय वापस आली तं?"

आणि पान वाढलं की ते अजूनही उठतात. "हात धुऊन येतो." मोरीचं दार आता उघडंच असतं आणि आतून बादलीत तांब्या बुडाल्याचा खरोखरचा आवाज येतो. मामी तेवढा वेळ ताटाला हात लावत नाहीत. आजवर मामाजी परत येण्याआधी त्यांनी कधीच घास घेतला नव्हता, हे माझ्या ध्यानात आत्ता आलं. मामाजी ओले हात घेऊन येतात, रुमाल खिशात असताना मामींच्या पदराला पुसतात, आणि मामी रागावल्यासारखं करून पदर ओढून घेतात. गुळाची गाठ अजून त्यातच असते.