चिंचोका

२०१८ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, माझं तोंड पहिल्यांदा जवळजवळ अर्धा दिवस बंद राहिलं. बायकोला चाळीस वर्षांत जे जमलं नाही, ते एका वाटाड्यानं एका चिंचोक्यावर जमवलं. गेल्या पावसाळ्यात तो वारला. माझं शिक्षण तिसरी, पण त्याच्यावर दुसरं कोण लिहिणार? म्हणून मीच बसलो.

मी चढलो कशाला, ते आधी सांगतो. रनाळ्याला, आमच्या गावी, माझा थोरला मुलगा म्हणाला, "आप्पा, तुम्हनं वय झायं. ट्रॅक्टरनी चावी आते माले द्या." मी म्हणालो, "तोरणमाळ पायी चढस. चढी गऊ तं चावी मन्ही, नही तं तुन्ही." तोवर चावी त्याच्याकडं ठेवली, आणि तो जीप घेऊन वर थांबणार होता. म्हणजे मला उचलूनच न्यायच्या तयारीनं.

वाटाड्या पायथ्याच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. अंगानं वाळकी काठी, पायात टायरच्या चपला, वय माझ्याएवढंच. चढाआधी तो प्रत्येकाच्या हातावर चिंचोका ठेवायचा. "जिभेखाल ठेव. वर पोचना का मन्हा हातवर दे. नही तं चढ मोजाना नही." महागडे बूट घालून आलेल्या एका मास्तरांनी म्हणे तो गिळला. "पोटात आहे, म्हणजे वर आलाच की," मास्तर म्हणाले. वाटाड्या शांतपणे म्हणाला, "मंग सकायपर्यंत वाट देखूत."

मला वाटलं, खुळचट प्रकार. पण जीभ चिंचोका राखायला लागली की बोलणं थांबतं, आणि बोलणं थांबलं की मनातली बडबडही दमून खाली बसते. दुसऱ्या टेकाडापर्यंत माझ्या डोक्यात कापूस होता, थोरला होता, ट्रॅक्टर होता. खडा चढ लागला तसे सगळे मागे पडले. पुढं फक्त दगड, मुळी, पाय. पुन्हा दगड. गुडघासुद्धा दुखायचं विसरला.

आणि नेमका कड्याच्या अरुंद वाटेवर खिशातला फोन वाजला. "आप्पा, दमी गयात का? खाले जीप धाडू?"

मी चिंचोका थुंकलो. "दमना व्हई तुन्हा बाप!" असं ओरडलो, आणि पाय सटकला. वाटाड्यानं माझं धोतर धरलं. धोतर निम्मं सुटलं, पण मी राहिलो.

तो रागावला नाही. खाली बसवून विचारलं, "दादा, आते तू कुठे व्हता?"

"आठेच."

"नही. तू रनाळाले व्हता, पोऱ्यासंगे भांडी ऱ्हायंता. पाय बिचारा आठे एकलाच व्हता."

मी धोतर कसून नेसलं आणि पुढचं पाऊल बघून टाकलं. 

वर पोचलो. थोरल्यानं चावी माझ्या हातात दिली. "जिकनात आप्पा!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाटाड्यानं माझ्यापुढं हात पसरला. मी दुसरीकडं बघायला लागलो. चिंचोका थुंकल्याचं त्यानं थोरल्याला सांगितलं नाही. रिकामा हात झटकला आणि आल्या वाटेनं उतरायला लागला.

घरी येऊन चावी खुंटीला टांगली. बायको म्हणाली, "जिकनात ना? मंग तोंड का बंद?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चावीला हात न लावता मी पहिली एसटी धरली, पाड्यावर गेलो आणि वाटाड्यासमोर उभा राहून, काही न बोलता, नव्या चिंचोक्यासाठी तोंड उघडलं.