बी.ए. नावाची मोहलत

“डिग्री करून काय होते, ते सांगा आधी. मंग चहा.”

नामदेवराव बाजेवर बसले होते आणि मी त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर. माझ्या मांडीवर कॉलेजच्या रंगीत पॅम्प्लेटांचा गठ्ठा होता. वरच्या पॅम्प्लेटवर टाय लावलेला एक मुलगा हसत होता. आमच्या कॉलेजात आजवर कोणी टाय लावलेला मी पाहिला नव्हता. तामसीच्या पुढचं गाव, जूनचं ऊन, आणि सकाळपासून दारोदार हाच प्रश्न. चहाची अट मात्र या घरात पहिल्यांदा घातली गेली.

मी आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात मराठी शिकवत होते. आयुष्यभर शिकवण्याचं काम केलं, विकण्याचं कधी केलं नव्हतं. पण आदल्या दसऱ्याला आमच्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि सगळ्या खात्यांमध्ये वाटणी सुरू झाली. खुर्च्या वाटल्या, जीपगाड्या वाटल्या, मग माणसांकडे वळले. कुठल्या कॉलेजात कोण जास्तीचं आहे, याची मोजदाद वरून मागवली गेली.

इथे दोन शब्द समजून घ्या. ‘वर्कलोड’ म्हणजे आठवड्याला किती तास शिकवायचं ते. मुलं कमी झाली की वर्ग कमी होतात, वर्ग कमी झाले की वर्कलोड घटतो. वर्कलोड घटला की माणूस ‘सरप्लस’ होतो. सरप्लस म्हणजे पगार घेणारा, पण कोणालाच नको असलेला. बी.ए.ला सेकंड लँग्वेज म्हणून मराठी घेणारी मुलं वर्षागणिक आटत चालली होती, म्हणजे मी सरप्लसच्या उंबरठ्यावर उभी होते.

आमचे प्रिन्सिपल तेलुगू. माझ्याशी हिंदीत बोलायचे.

“मॅडम, नंबर होना. नंबर नहीं तो सेक्शन नहीं.”

“सर, प्रायव्हेट कॉलेजवाले बस देतात, मोबाइल देतात. आपण काय द्यायचं?”

“क्वालिटी बोलो, मॅडम. क्वालिटी.”

मुलं गोळा करायला त्यांनी मंडल, म्हणजे आमचे छोटे तालुके, वाटून दिले. कोणाला बोथ, कोणाला बाजारहत्नूर, आणि मराठी म्हणून मला तामसी. सोबत हा पॅम्प्लेटांचा गठ्ठा.

नामदेवरावांच्या घरी मी मुद्दाम आले होते. त्यांची मुलगी वैशाली नुकतीच इंटर पास झाली होती. इंटर म्हणजे तुमची बारावी. मार्क चांगले होते, मराठी होती, आणि आमचा आकडा भरायला असंच कोणीतरी हवं होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि बापाकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

“डिग्री केली की नोकरीच्या परीक्षांना बसता येतं,” मी सुरुवात केली.

नामदेवरावांनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. “संतोष! ये बाहेर. मॅडम आल्या तुह्या.”

आतून एक तरुण आला. तलम शर्ट, हातात मोबाइल. मी त्याला ओळखलं आणि माझं अवसान गळालं. पाच वर्षांपूर्वी बी.कॉम. करून गेलेला माझाच विद्यार्थी.

“नमस्कार मॅडम.”

“काय करतोस सध्या?”

“प्रिपरेशन करून राह्यलो. भरतीचं नोटिफिकेशन पडलं की परीक्षेला बसतो.”

“पाच वर्सं झाले, नोटिफिकेशन पडूनच राह्यलं,” नामदेवराव म्हणाले. “डिग्री झाली तवापासून हा बैलाले हात लावत नाई. वावरात जाय म्हनलं तं म्हंते, मी ग्रॅज्युएट हाओ. आता सांगा, पोट्टीलेबी असंच करून ठेवू का?”

संतोष मोबाइलकडे पाहत परत आत गेला. मी मान्य करते, त्या क्षणी मला बाप बरोबर वाटला. पण मी सरकारी माणूस. पॅम्प्लेटवर जे छापलं होतं, ते सांगायला आले होते.

“शिकलेल्या मुलीला चांगलं स्थळ मिळतं.”

“उलटं सांगता मॅडम. शिकलेल्या पोट्टीले तिच्याहून शिकलेला नवरा पायजे. तो आनाचा कुठून? आन् स्थळ तं आलंच हाय. बोथकडचं. पोराचं खताचं दुकान हाय. दिवाळीच्या मंदी उरकू म्हंते ते.”

“फी सरकार भरतं.”

“फी भरते, वर्सं कोन भरते? तीन वर्सं म्हंजे तीन हंगाम. ते लोक थांबतीन का?”

मी पॅम्प्लेट उलटंसुलटं केलं. पुढे लायब्ररीचा फोटो होता, त्यामागे एन.एस.एस.चा. त्यातलं काहीच या अंगणात चालणारं नव्हतं. मला स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं कविता शिकवली, निबंध तपासले, आणि एका माणसाला एक सरळ उत्तर देता येऊ नये?

“बरं, नामदेवराव,” मी उठत म्हणाले, “नोकरीचं मी नाही सांगू शकत.”

“हे तं पयलेच सांगाचं होतं,” ते म्हणाले. चहा आला नाही.

स्टँडवर बसची वाट पाहत उभी होते, तर मागून वैशाली आली. हातात पाण्याची बाटली.

“मॅडम, तुमी बाबाले नोकरीचं काऊन सांगता?”

“मग काय सांगू?”

“मोहलतीचं सांगा न.”

हा शब्द आमच्याकडे निजामाच्या कचेरीतून आला. सारा भरायला, कागद आणायला, जमिनीचा वाद मिटवायला जी वाढीव मुदत मागायची, ती मोहलत. निजाम गेला, राज्यं बदलली, सरकारी भाषा दोनदा बदलली, पण हा शब्द कोणी सोडला नाही. अजूनही तहसीलच्या आवारात माणसं हात जोडून मोहलत मागतात.

“कसली मोहलत?” मी विचारलं.

“लग्नाले. तीन वर्साची.” ती अगदी सहज म्हणाली. “बी.ए. मंदी काय शिकवते मले मालूम नाई. पन कॉलेजात हाय म्हनलं की तीन वर्सं कोनी हात लावत नाई. इंटर झालं, ते संपलं. आता कशाची मोहलत मागू?”

मला तिची कीव यायला हवी होती. खरं सांगते, आधी राग आला. मी आयुष्यभर शिकवलेल्या विषयाची हिच्या लेखी किंमत एवढीच? धर्मशाळेसारखी तीन वर्षं उतरायची आणि निघायचं?

“आणि तीन वर्षांत करणार काय तू?”

“ते तिकडं आल्यावर पाहीन. इकडं पाहाले जागाच नाई.”

बस आली. मी बसले. आदिलाबादपर्यंत तिचं ते उत्तर मनात घोळवत आले. स्थळ तिने नाकारलेलं नव्हतं, मुलगा वाईट आहे असंही म्हणाली नव्हती. तिला फक्त विचार करायला वेळ हवा होता, आणि तो तिच्या घरात कुठल्याच नावाने मिळत नव्हता.

चार-सहा दिवसांनी मी परत गेले. प्रिन्सिपलना वाटलं, मी सेक्शनसाठी धडपडते आहे. तेही होतंच, नाकारत नाही. पण या खेपेला पॅम्प्लेटं घरी ठेवली.

नामदेवराव सरकीची पाकिटं मोजून बाजूला ठेवत होते. पेरणी तोंडावर आलेली. “मॅडम, पुन्हा?”

“नामदेवराव, कापूस घरात आला की पहिल्या दिवशी विकता का?”

“नाई. भाव पाह्यतो.”

“आणि व्यापारी फारच घाई करायला लागला तर?”

“तं समजाचं, भाव चढनार हाय. त्याले माहीत ऱ्हायते.”

“मग ही बोथची माणसं एवढी घाई का करतायत?”

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शेतकऱ्याला शेतीच्या भाषेत सांगावं, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मॅडम, मी कापूस नाई.”

मी ओशाळले. नामदेवराव मात्र खो खो हसले. “पाहा. हिले तोंड हाय ते हाय.”

“बाबा, हसू नका,” वैशाली बाहेर आली. “दादाचं बी.कॉम. झालं त्याले पाच वर्सं झाले. तो बसून हाय. त्याले कोनी इचारलं का, किती दिस बसनार म्हनून? त्याले न मागता पाच वर्सं देल्ले. मी तीन मागून राह्यली. तेबी कॉलेजात जाऊन, घरी बसून नाई.”

आतल्या खोलीतला मोबाइलचा आवाज बंद झाला. नामदेवरावांनी पाकिटं पुन्हा मोजायला घेतली. ती आधीच मोजून झाली होती.

“तीन नाई,” शेवटी ते म्हणाले. “एक वर्स देतो. जूनमंदी पाहू.”

“डिग्री तीन वर्षांची असते हो,” मी म्हणाले.

“कचेरीत मोहलत एकदम भेटते का मॅडम? थोडी थोडी भेटते. एक वर्स.”

मी डोक्याला हात लावला. पण वैशालीने लगेच मान हलवली, कारण तिला सौदा कळत होता. मला कुठे कळत होता? ॲडमिशनच्या ऑनलाइन अर्जात ‘एक वर्ष, मग पाहू’ असा पर्याय नव्हता. मी तीन वर्षांचाच भरला आणि हे घरी सांगू नकोस असं तिला बजावलं.

आमचा आकडा जेमतेम भरला. प्रिन्सिपल खूश झाले. वर्षभर मी जीव तोडून शिकवलं. वैशाली पहिल्या बाकावर बसायची, प्रश्न विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर तसं तोंडावर सांगायची. गावाहून बसने यायची आणि एक दिवस चुकवायची नाही.

वर्ष संपता संपता आदेश आला. नव्या जिल्ह्यांमध्ये स्टाफ सारखा वाटायचा. मराठीची पोस्ट हलवली होती.

मी ऑर्डर घेऊन प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये शिरले. “सर, नंबर तर भरला होता!”

“नंबर तो बराबर है, मॅडम. पोस्ट गई.”

“कशी गेली? उन्हातान्हात दारोदार हिंडले मी!”

“क्वालिटी का कोई इश्यू नहीं, मॅडम. ऊपर से आया.”

मला जिथे पाठवलं, त्या कॉलेजात मराठी घेणारं एकही मूल नव्हतं. मग मला लायब्ररीचा चार्ज दिला. लायब्ररीतली पुस्तकं तेलुगू आणि इंग्रजी. आदिलाबादला मराठी शिकणारी मुलं बिनमास्तरची, आणि इकडे मराठीची मास्तरीण बिनमुलांची. दोघांना समान न्याय.

जून आला. मला वाटलं, नामदेवरावांची मुदत संपली आणि आता त्या मुलीच्या बाजूने बोलायला कोणी नाही. रजा टाकली, दोन बस बदलल्या आणि तामसीच्या पुढच्या त्या गावात पोहोचले.

“या मॅडम,” नामदेवराव बाजेवरून उठले. “आज कसं काय येनं केलं?”

“वर्ष संपलं. मोहलत वाढवायला आले.”

“ते तं पोट्टीनं होळीलेच वाढवून घेतली. सोताच. म्हने, बाबा, दरसाल जूनमंदी इचारत नका जाऊ. जूनमंदी काय व्हईन, याचा परीक्षेच्या टायमापासूनच माह्या डोक्याले ताप होते. एकदमच दोन वर्सं द्या. म्हनलं, घे बाई.”

“आणि बोथची माणसं?”

“त्याइनं दुसरी केली. घाईच होती त्याइले.”

मी आत डोकावले. वैशाली कॉलेजला गेली होती. आतल्या खोलीत कोणी नव्हतं.

“संतोष कुठंय?”

नामदेवराव जरा चाचरले, मग त्यांना हसू आलं. “वावरात. त्यालेबी तिनं मोहलत देल्ली, दिवाळीपरेंत. म्हने, दादा, परीक्षा देवाची तं दे, पन सकाळी वावरात जाचं आन् दुपारी पुस्तक धराचं. दिवाळीनंतर मोहलत वाढवून नाई भेटनार, हे मी बाबाले सांगून ठेवते.”

मी खुर्चीत बसले. जे बोलायला दोन बस बदलून आले होते, ते सगळं आधीच बोलून झालं होतं. नामदेवरावांनी आत चहा सांगितला. ‘डिग्री करून काय होते’ या त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी अजूनही दिलेलं नव्हतं.

वैशालीचं बी.ए. झालं. नोकरी लागली का, असं विचाराल तर अजून नाही. ती परीक्षा देते आहे, आणि किती दिवस द्यायच्या हे तिने आधीच ठरवून घरात सांगून ठेवलंय. लग्नाचंही तसंच.

आताही लोक मला विचारतात, पोरांना डिग्रीला घालावं का? मी उलट विचारते, बसून विचार करायला तुमच्या घरी वेळ मिळतो का? मिळत असेल तर उगाच येऊ नका, एखादं काम शिका. मिळत नसेल तर मात्र बी.ए. घ्या. मराठी घेतलीत तर उत्तमच. फक्त ती शिकवायला तिथे आता कोणी नाही.