पिंपाचं झाकण

"अहो, हात लावू नका त्या झाकणाला!" बायको इतक्या जोरात ओरडली, की निम्म्या सातपूरला पाळी सुटल्याचा भोंगा वाटला असावा. पण तोवर झाकण माझ्या हातात आलं होतं. आत हवा शिरली, निखारे फुलले आणि पिंपभर तुसाची पुन्हा पांढरी राख झाली.

आमचा सूत रंगवायचा छोटासा कारखाना. पाणी मागच्या नाल्यात जायचं आणि त्या पाण्याची ख्याती अशी, की नाल्यावरचे बगळे गुलाबी झाले होते. लोक रोहित पक्षी आलेत म्हणून पोरांना खांद्यावर बसवून दाखवायला आणत. मी तर तिकीट लावणार होतो, पण त्याआधी प्रदूषणवाल्या साहेबांची नोटीस आली: यापुढे रंगीत पाणी बाहेर दिसलं तर वीज तोडू. म्हणजे कारखान्याला कुलूपच.

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी उपाय सांगितला. भाताचं तूस बंद पिंपात, हवा न देता भाजायचं. त्याचा जो कोळसा होतो तो पाण्यातला रंग धरून ठेवतो. अट एकच, पिंप पार गार होईपर्यंत उघडायचं नाही. आता मी म्हणजे शिट्टी व्हायच्या आत कुकर उघडायला निघणारा माणूस. लग्नातसुद्धा अंतरपाटाच्या वरून वाकून पाहिलं होतं. सुरगाण्याच्या भातगिरणीतून जीपभर पोती यायची आणि मी त्यांची विभूती करायचो. साऱ्या नाशिकच्या कपाळांना पुरून उरली असती.

शेवटी बायकोनं मला देवळाली कॅम्पात तिच्या मावशीकडे निरोप घेऊन धाडलं. निरोप काय, तर इकडे सगळं ठीक आहे. बसमध्ये जागा असून मी उभा होतो. परत आलो तर पिंपातून काळाकुळकुळीत कोळसा निघालेला. तिनं तो धुतला, दुसऱ्या पिंपात वाळूवर त्याचा थर दिला आणि वरून लाल पाणी ओतलं. खालच्या तोटीतून एक थेंब. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी एक. मी काठीनं ढोसायला गेलो, तर तिनं काठीच चुलीत घातली.

साहेब आले. तोटीखालचं पाणी त्यांनी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरलं. लाल तर सोडाच, गुलाबीसुद्धा दिसेना. मी म्हटलं, साहेब, रामकुंड याच्यापुढे गढूळ. ते हसले नाहीत. नमुना बाटलीत भरून घेतला आणि म्हणाले, "प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या. तोवर रंगकाम बंद."

त्यांची जीप गेली. मी अंगणात चार चकरा मारल्या, पिंपाला हात लावून आलो, तोटी पिळून पाहिली. मग बायकोला विचारलं, "अहवाल येईपर्यंत मी करू तरी काय?"

"बसा," ती म्हणाली.