परांजपेकाकांचं नाक

परांजपेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले ते आत आलेच नाहीत. उंबऱ्याशी थबकले, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "कालची आमटी गरम केलीत वाटतं, बाई." आमटी खरोखरच कालची होती. काका बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मी या गुजराती शहरात महापालिकेच्या मराठी शाळेतली शिक्षिका, सोसायटीत नवी राहायला आलेली. नव्या माणसाची तपासणी ते अशी करत.

"डोळे फसतात, कान फसतात. नाकाला लाच चालत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा जिन्यातल्या मीटरच्या खोक्यात वायर तापल्याचा वास त्यांना दुसऱ्या मजल्यावर आला आणि आग लागायच्या आत मेन स्विच बंद झाला. तेव्हापासून गुजराती शेजाऱ्यांसकट आम्ही सगळे त्यांच्या नाकाला मानू लागलो. आंबे घ्यायला बायका त्यांना बरोबर नेत. हात मागे बांधून ते पेटीवर वाकत, मान हलवत आणि फळवाला निमूट दुसरी पेटी काढी.

सत्तरी ओलांडली आणि जगाचे वास बिघडू लागले, असं काकांचं म्हणणं. हापूसला हल्ली वासच नसतो, कोथिंबीर नुसती दिसायला हिरवी, उदबत्तीवाले तर सगळेच लबाड. एका सकाळी दूध आटून पातेलं काळं पडलं, तरी हे ओट्याशेजारी बसून पेपर वाचत होते. मालतीकाकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. वय झालं की दिसणं-ऐकणं कमी होतं तसंच वास येणंही, फक्त याला चष्मा मिळत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि गॅसकडे लक्ष ठेवायला सांगितलं. डॉक्टर कच्चा आहे, असा निकाल काकांनी रिक्षातच दिला. हे काकूंनी मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हणून माझा हात धरला. मी बोलले नाही.

नाक गेलं, पण सेक्रेटरीपद राहिलं. त्याच सुमारास तळमजल्यावर पाटील भाड्याने आले. धुळ्याकडचे; नवरा पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, बायको सुरेखा घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायची. काकांनी एकदा तिच्या पिशवीत सुकट पाहिली. पाहिली, वास आला नव्हता. पण त्या दिवसापासून त्यांना जिन्यात रोज सुकटीचा वास येऊ लागला. रुमाल नाकाशी धरूनच ते तळमजला ओलांडत.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी उभं राहून सांगितलं, की रविवारी दुपारी त्या वासाने जिना चढवत नव्हता. सुरेखा दाराशी उभी होती.

"काका, शनवार ते सोमवार आम्ही गावाला व्हतो. घराला कुलूप व्हतं."

सगळे काकांकडे वळले. मग काका म्हणाले, "कुलूप दाराला असतं, वासाला नसतं."

लोक हसले. मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे. मग आम्ही दोघींनी सतरंजीकडे पाहिलं. ज्या माणसाने इमारत आगीतून वाचवली त्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर सुकट मलाही आवडत नाही.

घरमालकाला कळवण्यात आलं. महिनाभरात पाटलांनी बमरोलीला खोली घेतली. टेंपोत सामान चढवून झाल्यावर सुरेखा काकूंच्या पाया पडली आणि मला "येते बाई" म्हणाली. काकांनी वरून, गॅलरीतून, टेंपो फाटकाबाहेर नीट जातोय ना ते पाहिलं.

आठवड्याने मी शाळेतून परतले तेव्हा काका जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. तिथल्या चपलांच्या कपाटामागे दोन दिवसांपासून उंदीर मरून पडला होता आणि सफाईवाल्याचा पत्ता नव्हता. मी पदर नाकाला लावून घाईने चढत होते. काकांनी मला थांबवलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"बघा बाई, आता कसं स्वच्छ वाटतं."

मी पदर खाली घेतला आणि म्हटलं, "हो, काका."