इब्राहिम मिस्त्रींची सही

तलाठ्याकडे दोन गोष्टी न मागता साठतात. जुने कागद आणि किस्से! कागद निवृत्त होताना सोपवून आलो. किस्से कोण ताब्यात घेणार? ते राहिले माझ्याकडेच. आणि त्यातही सगळ्यात जास्त छपरांचे!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नवाकोरा तलाठी, मुळशीत, पौडच्या अलीकडच्या दोन गावांना. वैशाखात एका संध्याकाळी असं वादळ झालं, की निम्म्या गावाची कौलं अंगणात आली. पावसाळा पंधरा-वीस दिवसांवर. पंचनामे झाले तरच सरकारी मदत मिळणार आणि छपरं वेळेत उभी राहणार. मग आमचं त्रिकूट निघालं. मी, शिडी वाहणारा धोंडू कोतवाल आणि पंच म्हणून गावातलेच इब्राहिम मिस्त्री. कौलं शाकारण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

पहिल्याच घरावर मी उत्साहाने चढलो. पायात पुण्याहून आणलेले नवे बूट!

"भाऊसाहेब, वाशावर पाय द्या, कौलावर नगा!" मिस्त्री खालून ओरडले. तलाठ्याला सगळे भाऊसाहेबच म्हणत. वासा नेमका कुठे आहे हे मला कळेपर्यंत सात कौलं कडाकड गेली. खाली उतरून, कपडे झटकून मी रुबाबात कागद काढला.

"फुटलेली कौलं अठरा. कारण काय लिहू?"

"अकरांम्होरं वादळ लिवा," मिस्त्री म्हणाले, "आन् सातांम्होरं तलाठी!"

⁂

एका बहाद्दराने अंगणात फुटक्या कौलांचा हा ढीग रचून ठेवलेला. चेहरा सुतकी. "समदं वादळानं नेलं वो!"

मिस्त्रींनी एक तुकडा उचलला. ताजी फूट लालभडक असते. ही काळी पडलेली, वर शेवाळ! त्यांनी तो तुकडा त्याच्याच हातात ठेवला.

"हे वादळ तुज्या वरातीत आलं व्हतं काय रं?"

आतून बायकोच खो खो हसली. ढीगही मग तिनेच उचलला.

⁂

पाटलांच्या घराचं मात्र एक कौलसुद्धा हललं नव्हतं. आम्ही पुढे निघालो, तर पाटील आडवे आले.

"आमचं घर सोडून कुटं चाललाय?"

"पाटील, तुमचं काही नुकसानच नाही!"

"म्हून काय झालं? गावात येवढं वादळ झालं आन् यादीत पाटलाचं नावच न्हाई? काय मानपान हाय का न्हाई?"

मी घाम पुसत राहिलो. मिस्त्री अगदी गंभीर. "लिवा, भाऊसाहेब. पाटलांच्या दारावरनं वादळ हात जोडून गेलं."

पाटील खूश! आम्हाला चहा पाजूनच सोडलं.

⁂

विठाबाईंचं सगळं उलटं. निम्मी पडवी उघडी पडलेली, आणि म्हणतात, काही लिहू नका!

"यादी चावडीवर लागती. परवा भुकूमचे पाव्हणे लेकीला बघाया येनार हायेत. त्यांनी वाचलं तर?"

मिस्त्री दुसऱ्या दिवशी उजाडताच वर चढले आणि दुपारपर्यंत पडवी शाकारून दिली. पाहुणे आले, मुलगी पसंत पडली. निघताना मुलाचा बाप हळूच म्हणाला,

"पोरगी झ्याक हाय. पर ह्ये छप्पर कुनी केलंय तेवडं सांगा. आमचं उडालंय!"

⁂

मग कुणीतरी निनावी अर्ज टाकला. मिस्त्री म्हणे आपल्या माणसांची घरं यादीत घुसवतो! तालुक्याहून साहेब जीपने आले. यादी रद्द झाली तर चाळीस घरं पावसात उघडी पडणार, आणि मिस्त्रींच्या नावाला कायमचा बट्टा.

साहेब म्हणाले, "आधी या मिस्त्रीचंच घर दाखवा."

ते घर मीही कधी पाहिलं नव्हतं. गेलो, तर मागच्या अंगाला छप्परच नाही! खाली चूल आणि वर थेट आभाळ. साहेबांनी यादी तीनदा चाळली.

"यात तुमचं नाव कुठे आहे?"

"न्हाई, रावसाहेब. मी पंच हाय. माज्याच घरावर माजीच सही कशी करू?"

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर यादी ठेवली आणि तिथल्या तिथे मंजूर केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पुढे बढत्या मिळाल्या, कौतुकंही झाली. पण या माणसाच्या सहीशेजारी माझी सही आहे, याचा जेवढा अभिमान वाटतो तेवढा कशाचाच वाटला नाही.

साहेबांनी पेन मिटलं नव्हतं. "भाऊसाहेब, यांचंही घर लिहा. पंच म्हणून मी सही करतो."

मिस्त्री आत गेले. आम्हाला वाटलं, पाणी आणायला गेले असतील. ते शिडी घेऊन बाहेर आले. ती भिंतीला लावली, हलवून बघितली आणि साहेबांकडे वळले.

"या, चढा वर. न बगता सही करायची न्हाई."