बिनपाटीचं झाड

पौषातल्या सकाळी पाचोळ्याच्या खड्ड्यावरचं गोणपाट उचललं, की आतून वाफ येते. बाहेर बोटं आखडावीत अशी थंडी आणि त्या कुजत्या पानांच्या पोटात मात्र हात फार वेळ ठेवता येऊ नये इतकी ऊब. वास ओल्या मातीचा, तंबाखूचा आणि कुठंतरी मुरलेल्या चिंचेचा, सगळा मिसळून. आज तो नाकात शिरला आणि मी फावडं तसंच हातात धरून उभा राहिलो. हा खड्डा ज्यांच्या हट्टापायी खणला गेला, त्या बाई आठवल्या.

आमचं हे महापालिकेचं वृक्षोद्यान एका अंगानं वसाहतीला आणि दुसऱ्या अंगानं कंपन्यांच्या भिंतींना चिकटलेलं आहे. पावसाळ्यात इथं सगळेच येतात, पण तेव्हा झाडं आपलं आपण बघून घेतात. माणसाचं काम पडतं ते थंडीत. बुंध्याभोवतीची आळी उकरून मोकळी करायची, खोडांना गेरू आणि चुना लावायचा, जाहिरातवाल्यांनी ठोकलेले खिळे उपटायचे, वाळक्या फांद्या उतरवायच्या. मी या कामांत पडलो तो चाकणची आमची कंपनी दुसऱ्या राज्यात गेली त्या हिवाळ्यात. पन्नाशीचा माणूस सकाळी घरात बसून राहिला, की भिंती अंगावर येतात. कोपऱ्यावर थांबून दुसऱ्यांना कामावर घेऊन जाणाऱ्या बसचा आवाज ऐकू येऊ नये, म्हणून मी अंधुक उजेडातच बागेत यायचो.

तिथं या बाई भेटल्या. सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, नोकरीतली पांढरी साडी सुटली तरी चालण्यातली लगबग न सुटलेल्या. सगळी वसाहत त्यांना सिस्टर म्हणायची. बागेचा मुकादम पाचोळा पेटवायला निघाला, की त्या ढिगाजवळ जाऊन उभ्या राहायच्या आणि धुरानं कुणाकुणाला दम लागतो ते शांतपणे सांगायच्या. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "घ्या खनून खड्डा, पन पेटवू नका असं रोज सकाळी सांगू नका." मुकादम इथल्याच जुन्या गावातला. शहर त्याच्या वावरात येऊन बसलं होतं, पण जिभेवर मात्र गावच होतं.

मागच्या भिंतीलगतचा बागेचा तुकडा बांधकामामुळं बराच काळ बंद होता. तो त्या थंडीत पुन्हा उघडला आणि तिथं ते झाड दिसलं. राखाडी, भेगाळलेलं, एक पान अंगावर नसलेलं. बाकीच्या झाडांना नावाच्या पाट्या होत्या, याला नव्हती. पानं असती तर कुणीतरी ओळखलंही असतं, पण असतील नसतील तेवढी केव्हाच झाडून नेलेली. आदल्याच आठवड्यात त्याची एक फांदी मोडून वाटेवरच्या बाकावर पडली होती. मुकादम करवत आणि दोर घेऊन आला, तेव्हा मी आणि सिस्टर शेजारीच आळी उकरत होतो.

"वाळलंय ते," तो म्हणाला. "शाळंच्या सहली सुरू व्हायच्या आत काढायचं हाय."

सिस्टर उठल्या, हात पदराला पुसला. "मेलंय असं कुणी ठरवलं?"

"एक तरी पान हाय का, बघा की."

"पान नाही म्हणजे मेलं, असं आमच्यात धरत नाहीत."

त्यांनी नखानं साल खरवडली. एका जागी आत हिरवं निघालं, दुसऱ्या जागी तपकिरी, कोरडं. त्यांनी दोन्ही जागा मुकादमाला दाखवल्या. आपल्या सोयीची तेवढीच दाखवली नाही, हे मला तेव्हा फार आवडलं.

"फांदी पोराच्या डोक्यात पडली तर मला धरतील," मुकादम म्हणाला. "तुम्हाला कुनी इचारनार न्हाई, सिस्टर." आणि त्याचंही काही खोटं नव्हतं. बराच वेळ बोलणं झालं. अखेर वाटेवर आलेल्या फांद्या उतरवायच्या, भोवती दोर बांधायचा आणि बाकी झाड शिमग्यापर्यंत राहू द्यायचं असं ठरलं. "फुडं न्हाई," मुकादमानं बजावलं.

मग सुरू झाला तो एक वेगळाच खेळ. हे झाड कुठलं? मी नांदेडकडचा. मला त्याच्यात आमच्या माळावरची मेडशिंग दिसायची. खत पसरायला येणारी कोकणातली माळीणबाई खोडावर हात फिरवून ठाम सांगायची, हे आमच्याकडचं वारसाचं झाड. फिरायला येणारा जो तो थांबायचा, मान वर करायचा आणि आपापल्या गावचं एखादं झाड त्या उघड्या फांद्यांवर टांगून जायचा. सिस्टर तेवढ्या काही सांगत नसत. त्यांचं लहानपण कारखान्याशेजारच्या वस्तीत गेलेलं. "आमच्याकडे एकच कडुनिंब होता. त्यामुळे मला झाड म्हणजे कडुनिंब किंवा कडुनिंब नसलेलं," असं म्हणून हसायच्या, आणि पुन्हा फांदीच्या टोकाशी डोळे नेऊन बघत राहायच्या.

त्या एवढं काय बघत, ते मला उशिरा समजलं. घरी त्यांचे मिस्टर अंथरुणाला खिळले होते. उभी हयात कंपनीत फिटर म्हणून गेलेली. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकदा गेरूची बादली ढवळताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात, आता फरक पडायचा नाही. मीही जन्मभर लोकांना हेच सांगत आले, दादा. ऐकायला कसं वाटतं ते माहीत नव्हतं." त्यांनी कुंचला उचलला आणि पुढच्या खोडाकडे गेल्या.

फाल्गुन लागला. एके सकाळी मुकादम मला शोधत आला. "भाऊ, चला जरा," एवढंच म्हणाला. झाडाच्या एका अंगाला काही नव्हतं. ते अंग खरंच मेलेलं होतं. पण दुसऱ्या अंगाला, निष्पर्ण फांद्यांच्या टोकांवर, तळहाताएवढी पिवळीधमक फुलं उघडली होती. भिंतीपलीकडच्या राखाडी पत्र्यांवर तो रंग असा उठला होता, की क्षणभर डोळ्यांना खरा वाटेना. मुकादम हळूच म्हणाला, "गनेरी हाय ही. आमच्या डोंगराला व्हती. फुलाबिगर कधी बघितलीच नव्हती, म्हनून वळखली न्हाई." सोनसावर म्हणतात ती हीच. आमच्यापैकी कुणाचंच बरोबर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मिस्टरांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आल्या. दोर मुकादमानंच सोडला. मिस्टरांनी वर पाहिलं की नाही, सांगता येत नाही. त्यांची नजर कुठंही ठरत नसे. सिस्टरनी खाली पडलेलं एक फूल त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. ते काही बोलले नाहीत. कुणाला तशी अपेक्षाही नव्हती, निदान कुणी दाखवली नाही. परतताना मिस्टरांची शाल नीट करण्यासाठी सिस्टरनी फूल काढून घ्यायला पाहिलं, तर बोटं मिटलेली. त्यांनी पुन्हा हलकेच ओढलं. सुटेना. मग शाल तशीच राहू दिली. मला म्हणाल्या, "यावरून मी काही समजणार नाही. पण धरलंय त्यांनी."

पुढल्या पावसाळ्यात मिस्टर गेले, न बोलताच. वर्षभरानं सिस्टर लेकीकडे नागपूरला गेल्या. झाडाची मेलेली बाजू उतरवली. उरलेलं दर फाल्गुनात फुलतं. त्याला आता पाटी आहे, तिच्यावर सुबक अक्षरांत नाव आहे. माणसं येतात, नाव वाचतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. तक्रार नाही माझी. पण नाव नव्हतं त्या थंडीत त्याच्याखाली जेवढा वेळ आम्ही थांबलो, तेवढं पुन्हा कुणी थांबलेलं पाहिलं नाही, मीसुद्धा थांबलो नाही.

जायच्या आदल्या दिवशी सिस्टर बागेत निरोप घ्यायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी नाल्याकडच्या कोपऱ्यातल्या एका रोपाकडे बोट केलं. "ते कुठलं हो, दादा?" मला ठाऊक नव्हतं. ते रोप आज माझ्या खांद्याच्या वर गेलंय. दर थंडीत मी त्याचं आळं उकरतो, पाचोळा पसरतो, वाकून पानांच्या शिरा बघतो. फोन खिशातच असतो. फोटो काढला की नाव सांगतो म्हणे तो. मी अजून काढलेला नाही.